पाल पडलेलं पाणी

टेकचंदच्या पोरीच्या लग्नाला रक्षा निघाली ती चार अक्षता टाकून, जेवून, दिवस मावळायच्या आत परत यायच्या बेतानं. नवतपा, मे अखेरचे ते आगीचे नऊ दिवस, सुरू होता. स्कूटीची सीट हात लावू देत नव्हती. तरी तिला जायचंच होतं, कारण अख्ख्या कारखान्यात घरी येऊन, आईच्या हातात पत्रिका देऊन बोलावणारा टेकचंद एकटाच होता.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अलीकडे हायवेला लागून तो कारखाना आहे. लोखंडी पट्ट्यांना आणि नटबोल्टांना चकचकीत मुलामा द्यायचं काम तिथं चालतं. मुलाम्याची द्रावणं विषारी, ती वापरून तळाशी उरणारा गाळ विषारी, आणि ती ज्या ड्रमांतून येतात ते ड्रम रिकामे झाले तरी विषारीच धरायचे, असा नियम आहे. हे सगळं वेगळं ठेवायचं, त्यावर धोक्याच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि परवाना असलेल्या गाडीनं, कागदपत्रांसह, नागपूरकडच्या प्रक्रिया केंद्रात पोचवायचं, हे रक्षाचं काम. साकोलीच्या या पोरीनं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ही तिची पहिलीच नोकरी होती. कामगार मागे तिला कचरेवाली मॅडम म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं.

टेकचंदनं मात्र तिला कधी तसं म्हटलं नाही. तो स्टोअर सांभाळायचा. पन्नाशी ओलांडलेला, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, तलावाच्या काठावर वाढलेला माणूस. रक्षा नवी असताना तिला बसायला खुर्ची नव्हती, ती त्यानं स्वतःची दिली. तिच्या आईला आवडते कळल्यापासून घरून सुक्या झिंग्यांची चटणी आणायला लागला. कारखान्यात कोणाला काही लागलं, दोरी, खोका, जुनी ताडपत्री, तर लोक आधी टेकचंदकडे जात, आणि तो कोणाला रित्या हातानं परत पाठवत नसे.

बोडीटोला हे त्याचं गाव तलावाला अगदी चिकटून वसलेलं. रक्षा पोचली तेव्हा दारात जांभळीच्या आणि मोहाच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव पडला होता. वरात वरठीहून निघाली होती आणि वाटेत होती. टेकचंदच्या थोरल्या बहिणीनं, रेवताबाईनं, रक्षाला हाताला धरून बायकांमध्ये नेऊन बसवलं. रेवताबाई नवरा वारल्यापासून भावाकडेच राहात होती. तलावावरच्या मच्छीमार सोसायटीचे मासे घेऊन ती अजूनही शहापूरच्या बाजारात बसायची. तिचा आवाज बाजारात कमावलेला होता. मांडवाच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा माणूस वळून पाही.

रक्षाला तहान लागली होती. मांडवाच्या कोपऱ्यात, जांभळीच्या सावलीला, पाट्या टाकून त्यावर तीन मोठे ड्रम ठेवले होते आणि पाणी गार राहावं म्हणून त्यांना ओलं बारदान गुंडाळलं होतं. एक बाई गुंडात, म्हणजे घागरीत, पाणी काढत होती. रक्षा पेला घेऊन तिकडे गेली. त्या बाईचा पदर अडकून बारदान थोडं खाली सरकलं, आणि रक्षाचा हात तिथंच थांबला.

निळ्या प्लास्टिकवर अर्धवट खरडून काढलेलं लेबल होतं. वरचा भाग गेला होता, पण खालचा चौकोन, टोकावर उभा असलेला, शिल्लक होता. त्यात दोन नळ्यांतून थेंब पडताहेत, एका थेंबाखाली पट्टी आणि दुसऱ्याखाली माणसाचा हात झिजून चालला आहे, असं चित्र होतं. हे चित्र ती रोज पाही. ज्या ड्रमांवर ते असे, त्यांतून कारखान्यात क्रोमचं द्रावण येई.

तिनं आधी त्या बाईच्या हातातलं गुंड घेतलं, आपल्याला जरा हात धुवायचे आहेत असं काहीतरी सांगितलं आणि ते बाजूला ठेवलं. मग बारदान नीट वर ओढलं आणि टेकचंदला शोधायला निघाली.  पोरीच्या लग्नाच्या मांडवात, वरात वाटेवर असताना, बापाला काय सांगायचं आणि कसं, हे तिला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

टेकचंद आचाऱ्यांपाशी होता. नवा पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला. रक्षानं त्याला घरामागच्या वाडीत, वांग्यांच्या वाफ्यापाशी नेलं आणि ते ड्रम आपल्या कारखान्यातले आहेत का, एवढंच विचारलं.

त्यानं हो म्हटलं, आणि वर कौतुकानं सांगितलं की चांगले सोडा टाकून, राखेनं घासून, याच वाफ्यापाशी बसून धुतले आहेत. वास नाही, काही नाही.

"धुवून जात नाही काका ते," रक्षा म्हणाली. "मडक्यात तेल मुरते ना, तसं प्लास्टिकमध्ये मुरते. पाणी भरलं का हळूहळू सुटते. हे पाणी कोनाले पाजता येत नाही."

 टेकचंद हळू आवाजात म्हणाला, "पन तुम्हीच त सांगतलं होतं मॅडम, का ड्रम कोनाले विकू नका. म्या विकले काय? आजपर्यंत एक रुपया नाई घेतला कोनापासून. ज्यानं मांगला त्याले देल्ला."

तिनं खरंच तसंच सांगितलं होतं. भंगारवाल्याची गाडी फाटकाशी उभी असताना, घाईघाईत, ड्रम विकायचे नाहीत असं ती म्हणाली होती. द्यायचेही नाहीत, हे वेगळं सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

टेकचंद वाफ्याच्या कडेला बसला. वराती आता येतील, आल्या आल्या पाणी मागतील, आणि पोरीच्या बापानं विषाच्या ड्रमात पाणी भरून ठेवलं होतं असं त्यांच्या कानावर गेलं तर पोरीला जन्मभर ते ऐकावं लागेल, असं तो तुटक तुटक बोलत होता. पण मांडवात जाऊन ते थांबवतो, असं काही त्याच्या तोंडून निघेना. 

इतक्यात रेवताबाई भावाला शोधत तिथं आली. त्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि ती रक्षाकडे वळली. रक्षानं तिला सगळं सांगितलं. क्रोम म्हणजे काय हे म्हातारीला कळलं नसेल, पण पोटात गेलं तर बाधतं एवढं कळलं. तिनं आणखी काही विचारलं नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, तडक मांडवात गेली, ड्रमांवर झाकणं टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पान्यात पाल पडली बाप्पा," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "या ड्रमातलं पानी कोनी पिऊ नका. दुसरं आनून राहिलो."

पाल म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. बायकांनी हातातले पेले खाली ठेवले. दोघीचौघींनी तोंडं वाकडी केली. शेजारच्या घरांतून गुंडं आणि बादल्या निघाल्या, हातपंपाचा दांडा वरखाली व्हायला लागला, आणि पंपापासून मांडवापर्यंत बायकांची रांग लागली. रक्षाही त्या रांगेत उभी राहिली. नेसलेली चांगली साडी गुडघ्यापर्यंत भिजली. वरात आली तोवर दोन रांजण भरले होते. नवरदेवाच्या आईच्या कानावर पालीची गोष्ट गेली तेव्हा तिनं रेवताबाईचा हात धरला आणि बरं झालं बाई, वेळीच तुमच्या नजरेत आलं, असं म्हणाली.

पण ड्रम अजून भरलेले होते. मंगलाष्टकांच्या आधी जागा मोकळी करावी म्हणून मांडवातले दोघे जण एक ड्रम नालीकडे कलवायला लागले. रक्षा धावत गेली आणि तिनं ड्रमाला मिठी घातल्यासारखं धरलं. नको, इथं सांडू नका, एवढंच तिला सुचलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाल पडलेलं पाणी नालीत टाकायला काय हरकत, हे त्यांना कळेना.

रेवताबाई जवळ आली. नाली कुठं जाते हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"तलावात जाईन काय हे?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"हो आत्या. नाली तिकडेच जाते."

म्हातारीचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. विष माणसाच्या पोटात जाईल हे ऐकून तिनं तोड काढली होती, पण तलाव म्हणजे अख्ख्या टोल्याचं पोट. तिनं त्या दोघांना हाकललं, ड्रमांची तोंडं बारदानानं बांधली, एक बाज ओढून आणली आणि तिथंच बसली.

तिथून मग ती उठलीच नाही. नवरीची आत्या म्हणून अंतरपाटाजवळ तिची जागा होती. दोनदा तिला बोलावणं आलं. गुडघा धरला म्हणून तिनं सांगून टाकलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा ती ड्रमांपाशी उभी होती, आणि मुठीतल्या अक्षता तिनं तिथूनच फेकल्या. त्या मधल्याच माणसांच्या डोक्यांवर पडल्या. टेकचंदनं कन्यादानाला बसल्याबसल्या एकदा बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

जेवणं चालू असताना गोमाजीला ओकारी झाली. गोमाजी हा टेकचंदचा चुलतभाऊ. सकाळी ड्रम भरायचं काम त्याच्याकडे होतं, आणि भरता भरता तो त्यातलंच पाणी पीत होता. उन्हात राबला, त्यात तिखट खाल्लं, म्हणून झालं असेल असं लोक म्हणाले. त्याची बायको जनाबाई कांदा फोडून हुंगायला देत होती. रक्षानं ते ऐकलं आणि आणखी कोणकोण ते पाणी प्यालं याची रेवताबाईकडून चौकशी करवली. बाकीच्यांनी एखादा घोट घेतला होता, त्यांना काही होत नव्हतं. पण गोमाजी पोट धरून बसला होता.

टेकचंदला मांडव सोडता येईना. पोरीची पाठवणी व्हायची होती. जनाबाई आणि रक्षा गोमाजीला गावातल्याच एका गाडीत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. काय खाल्लं, कधी खाल्लं, उन्हात किती वेळ होता. जनाबाई उत्तरं देत होती. रक्षा शेजारी उभी होती, आणि तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. ती गप्प राहिली तर हे लग्नाच्या जेवणावर आणि उन्हावर जाईल. गोमाजी बहुधा बराही होईल. कारखान्याचं नाव निघणार नाही, टेकचंदचं निघणार नाही, तिचंही नाही. पण कोणतं औषध द्यायचं आणि कोणती तपासणी करायची हे डॉक्टरांना कळणार नाही. तिनं रसायनाचं नाव सांगितलं. ते कुठून आलं तेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि नाव पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं.

गोमाजीला काही दिवस ठेवून घेतलं. त्याची लघवी आणि रक्त तपासलं, सलाईन लावलं. मूत्रपिंडाला काही झालेलं दिसत नाही, पोटाचा त्रास त्या पाण्यानं झाला की उन्हानं हे खात्रीनं सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, असं डॉक्टर शेवटी म्हणाले. गोमाजी घरी आला तो बारीक होऊन, पण आपल्या पायांनी चालत.

लग्नानंतर कारखाना उघडला त्या दिवशी रक्षा सकाळीच मॅनेजर वीरेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब रायपूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण वरच्या लोकांच्या फोनला भिणारा होता. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दार लोटलं आणि सोपा उपाय सांगितला. आपला टेम्पो पाठव, ड्रम झाकून इथं आण, पाणी आपल्या टाकीत ओत, विषय संपला. कागदावर काही नको.

रक्षानं एकेक मुद्दा मांडला. आपल्या टेम्पोला असला माल न्यायची परवानगी नाही. भरलेला ड्रम वाटेत उलटला तर ड्रायव्हरला काय करायचं ते माहीत नाही, आणि वाटेत धानाच्या बांध्या आहेत, विहिरी आहेत. परवान्याची गाडी बोलवावी लागेल. ती बोलवायची तर माल काय, किती, कुठून उचलला हे सगळं लिहावं लागेल.

"आणि सर," ती शेवटी म्हणाली, "दवाखान्यात मी नाव सांगून आले आहे. आता हे झाकून राहणार नाही."

 मग ड्रम बाहेर दिले कोणी, असं साहेबांनी विचारलं. रक्षा खाली बघत राहिली.

दार ढकलून टेकचंद आत आला. बाहेर बाकावर बसून तो सगळं ऐकत होता. हातांची हळद अजून गेली नव्हती.

"म्या देल्ले साहेब," तो म्हणाला. "हेच नाई, किती वर्सांपासून देऊन राहिलो. कोनी पानी भराले नेला, कोनी धान भराले. मले वाटलं, फेकाचंच आहे त कोनाच्या कामी आलं त बरं. तुमच्या बंगल्यावर झाडायले पानी घालाले जो ड्रम आहे ना, तोही म्याच देल्ला."

त्यात टोमणा नव्हता. सगळं सांगायचं तर तेही सांगितलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडायला म्हणून उघडलेलं तोंड मिटलं. त्या बंगल्यात त्यांची नातवंडं सुट्टीला आलेली होती. त्यांनी आधी घरी फोन केला, आणि मग प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. मंडळाची माणसं आली, तलावाच्या पाण्याचे नमुने घेऊन गेली, कारखान्याला नोटीस लागली. तलावाचं पाणी ठीक निघालं. टेकचंदनं ज्या वाफ्यापाशी ड्रम धुतले होते तिथली माती मात्र उकरून पोत्यांत भरावी लागली, आणि त्या वर्षी रेवताबाईनं लावलेली वांगी उपटून त्याच पोत्यांत गेली. परवान्याची गाडी येईपर्यंत ते भरलेले ड्रम टेकचंदच्या घरामागं सिमेंटच्या ओट्यावर, चिठ्ठ्या लावून, दोरी बांधून ठेवले होते. नोकरी गेली नाही, पण टेकचंदच्या हातातून स्टोअर काढून घेतलं आणि त्याला फाटकावर बसवलं. इतक्या वर्षांची किल्ली त्यानं एका नव्या माणसाच्या हाती दिली तेव्हा रक्षा मुद्दाम प्लान्टमध्ये निघून गेली. तिला ते बघवलं नसतं.

टेकचंद तिच्याशी बोलेनासा झाला. भांडला नाही, वाईट बोलला नाही. सकाळी स्कूटी आत येताना फाटक उघडायचा आणि दुसरीकडे बघायचा. चटणी बंद झाली. आई विचारायची, टेकचंदभाऊ बरे आहेत ना. रक्षा हो म्हणायची. आपण नियमानं वागलो, हे तिला माहीत होतं. तरी रात्री जेवताना ताटात चटणीची जागा रिकामी दिसायची.

गावागावांतले ड्रम गोळा करायचं काम साहेबांनी रक्षावर टाकलं. पण ड्रम कोणाकोणाच्या घरी गेले हे तिला कसं कळावं? ते टेकचंदच्याच डोक्यात होतं. तिनं फाटकापाशी स्कूटी थांबवली आणि सरळ विचारलं, माझ्यासोबत येता काय काका. फाटकाची कडी लावत तो म्हणाला, साहेबानं सांगतलं त येतो. दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून तो तिच्या मागे स्कूटीवर बसला.

एक अट रक्षानं साहेबांकडून आधीच मान्य करून घेतली होती. ज्याचा ड्रम न्यायचा त्याला त्या बदल्यात नवा, कोरा, पाण्याचाच ड्रम द्यायचा. साहेबांनी थोडी खळखळ केली, पण बंगल्यातला ड्रम आठवून असेल, हो म्हणाले.

दिलेली वस्तू परत मागायला जाणं सोपं नव्हतं. शहापूरला पुंडलिकरावांच्या घरी ड्रमात बियाण्याचं धान होतं. त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईनं, टेकचंदला चहा दिला, पोरीचं लग्न कसं झालं ते विचारलं, आणि ड्रम न्यायला आला आहे कळल्यावर कप परत घ्यावा अशा नजरेनं पाहिलं. या ड्रमात ठेवल्यापासून धानाला कीड लागली नाही, असं ती म्हणाली. रक्षा म्हणाली, "काकू, कीड काहून लागत नाही, त्याचाच विचार करा." शकुंतलाबाईनं ड्रमाकडे पाहिलं आणि सुनेला पोती आणायला सांगितलं.

कोणी लगेच दिला, कोणी उद्या या म्हणून टोलवलं. एका घरी तर यांना आता तो भंगारात विकायचा असेल, असं मागून ऐकू आलं. टेकचंदचे कान लाल झाले. तो स्कूटीवर बसल्यावर रक्षानं गाडी सुरू केली. आरशात त्याचा चेहरा दिसत होता. तो डोळे पुसत नव्हता, नुसता मिचकावत होता.

सगळ्यात अवघड गेला बुधराम. हा त्याच तलावावरचा जुना ढिवर, टेकचंदहून थोरला. त्यानं ड्रम बांबूंना बांधून ताफा, म्हणजे तराफा, केला होता आणि त्यावर बसून तो मरळीची जाळी टाकत असे. आपण त्यातलं पाणी पीत नाही, त्यात काही भरत नाही, तो नुसता तरंगतो, मग कोणाचं काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं. उन्हानं प्लास्टिक तडकतं, आतलं पाण्यात उतरतं, हे रक्षानं त्याला सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि जाळ्याच्या गाठी सोडवत बसला.

मग टेकचंद त्याच्या समोर पाण्याच्या कडेला उकिडवा बसला.

"दादा," तो म्हणाला, "तुले म्यानंच देल्ला होता. म्याच वापस मांगून राहिलो. मले का बरं वाटते काय? गोमाजी दवाखान्यात पडला होता तवा रोज वाटे, का माह्या हातानं मेला त जनाले काय तोंड दाखवू. तुले राग आला त माह्यावर काढ, या पोरीवर नको. हे बोलली नसती त आज तो नसता."

रक्षानं हे पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, हे तिला माहीत होतं. टेकचंदलाही ते माहीत होतं. तिनं त्याला दुरुस्त केलं नाही.

बुधरामनं गाठ सोडवून संपवली. आज जाळं टाकलं आहे, उद्या ते काढतो आणि मग ताफा सोडतो, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते दोघे गेले तेव्हा ड्रम काठावर कोरडे करून ठेवले होते आणि बुधराम मांडीभर पाण्यात उभा राहून नव्या ड्रमांना दोर आवळत होता.

सगळे ड्रम काही मिळाले नाहीत. काही तुटून गेले होते, काही पोरीबाळींसोबत दुसऱ्या गावी गेले होते, आणि साकोलीपलीकडे दिलेल्या एकाचा माग लागलाच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर परवान्याची गाडी आली. तिच्या चारी बाजूंना धोक्याचे चौकोन रंगवले होते. ड्रायव्हरजवळ कार्ड होतं. माल सांडला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे सगळं त्यावर मराठीत लिहिलेलं होतं. आधी बोडीटोल्यातून ते भरलेले ड्रम आणि मातीची पोती उचलली, मग कारखान्यातले रिकामे. बोडीटोल्यात रेवताबाई शेवटपर्यंत उभी होती. गाडीच्या टपापासून चाकापर्यंत तिनं न्याहाळलं. तिकडे नेऊन हे लोक काय करतील, तेही कोणत्या नालीत तर ओतणार नाहीत ना, असं तिनं रक्षाला विचारलं. रक्षानं सांगितलं की पाण्यात औषध घालून विषाचा गाळ खाली बसवतात, आणि तो गाळ सिमेंटमध्ये घट्ट करून, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात कायमचा बंद करून ठेवतात. म्हातारीनं मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती.

कारखान्याच्या फाटकातून गाडी निघताना टेकचंदनं ती अडवली. मागं चढून त्यानं एका ड्रमाचं झाकण हातानं पाहिलं, ड्रायव्हरकडून पाना मागितला आणि ते आणखी आवळलं. ड्रायव्हर कुरकुरला.  टेकचंद खाली उतरला आणि त्यानं फाटक उघडलं.

गाडी हायवेला लागून नागपूरच्या दिशेनं दिसेनाशी झाल्यावर तो रक्षाजवळ आला. तुम्ही ते केंद्र पाहिलं आहे काय, असं त्यानं विचारलं. तिनं नाही म्हटलं. कागदावर रोज त्याचं नाव लिहीत होती, पण ती तिथं कधी गेली नव्हती.

"एक दिवस जाऊ ना मंग," टेकचंद म्हणाला. "माह्या बहिनीलेही नेऊ सोबत. तिचा भरोसा नाई बसला अजून. तिनं डोळ्यानं पाहिलं का अख्ख्या टोल्याले सांगन."

साहेबांना विचारते, असं रक्षा म्हणाली. टेकचंदनं फाटकाजवळची आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली, टपरीवरून दोन चहा मागवले आणि स्वतः पायरीवर बसला. गोमाजी कालपासून तलावावर जायला लागला आहे, त्यानं सांगितलं. थोडा वेळच बसतो, पण जातो.